पारव्याची शेपटी

निवड करावयास मिळणे हे सुखाचे लक्षण मानले जाते. ज्याच्यापुढे दहा वस्तू मांडल्या जातात तो श्रीमंत, आणि ज्याला पुढ्यात येईल ते घ्यावे लागते तो गरीब, असा आपला साधा हिशेब असतो. परंतु त्या दहांपैकी नऊ आपल्या कामाच्या नाहीत एवढेच ठाऊक असावे, आणि दहावी कोणती हे मात्र ठाऊक नसावे, अशी वेळ आली म्हणजे त्या श्रीमंतीत आणि फजितीत फारसे अंतर उरत नाही. लाकडाचा एक सांधा कापणाऱ्या यंत्राला कोणते बिट लावावे, या वरकरणी क्षुल्लक प्रश्नाने गेल्या पावसाळ्यात मला या गोष्टीचा विचार करावयास लावले.

तो सांधा वाचकांच्या पाहण्यातला आहे, नाव मात्र सर्वांच्या कानांवर असेलच असे नाही. जुन्या मेजाचा खण पुरता बाहेर ओढावा आणि त्याच्या पुढच्या कोपऱ्याकडे बाजूने पाहावे. बाजूच्या फळीच्या टोकाला बुडाशी अरुंद आणि शेवटाशी रुंद अशा जिभा काढलेल्या दिसतात, आणि त्या समोरच्या फळीतील तशाच आकाराच्या खाचांत जाऊन बसलेल्या असतात. इंग्रजांना त्यांत पारव्याची पसरलेली शेपटी दिसली आणि त्यांनी या सांध्याला ‘डोव्हटेल’ हे नाव दिले. बारसे आपल्याकडे झाले असते तर बहुधा डमरूची आठवण झाली असती. कारण डमरू मधोमध कापला तर त्याचा प्रत्येक अर्ध म्हणजे अशी एकेक शेपटीच होय. या सांध्याचा गुण असा की, खण कितीही वेळा ओढला तरी समोरची फळी निखळून हातात येत नाही. खिळे सैल होतात, सरस कालांतराने सुटतो. पण आकार आपला धर्म सोडीत नाही. प्राचीन इजिप्तमधील लाकडी सामानातही हा सांधा सापडतो, यावरून माणसाला त्याची खात्री किती जुन्या काळी पटली होती हे दिसून येईल.

कुंडलला आमच्या घरामागच्या आळीत या सांध्याचे एक जाणकार राहतात. वयाने ऐंशीच्या घरातले. सारा गाव त्यांना तात्या म्हणतो, म्हणून मीही तात्याच म्हणतो. त्यांच्या वडिलांनी जन्मभर बाभळीचे नांगर, कुळव आणि बैलगाड्या केल्या. तात्यांची उमेदीची वर्षे मात्र गावाबाहेर, ओतकामाच्या एका कारखान्यातील पॅटर्न करण्याच्या खात्यात गेली. बापलेकांच्या धंद्यातील हा फरक आमच्या भागाच्या इतिहासाला धरूनच आहे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी औंध संस्थानातील कुंडल रोड स्टेशनाजवळच्या उजाड माळावर आपला कारखाना आणला. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यासाठी जागा दिली. त्या माळाची किर्लोस्करवाडी झाली आणि पुढे स्टेशनालाही तेच नाव मिळाले. लोखंडी नांगर आला, आणि गावोगावच्या सुतारांच्या हातून त्यांचे एक मोठे काम गेले. या हकीकतीची ही बाजू सर्वांना ठाऊक असते.

दुसरी बाजू अशी की, ओतीव लोखंडाची वस्तू आधी लाकडाची जन्मास येते. सुताराने लाकडाचा हुबेहूब नमुना करावयाचा, तो वाळूत दाबून बसवावयाचा, मग अलगद वर काढून घ्यावयाचा आणि मागे राहिलेल्या पोकळीत वितळलेले लोखंड ओतावयाचे. नमुना वर काढताना वाळू ढासळू नये म्हणून त्याच्या उभ्या बाजूंना किंचित उतार ठेवावा लागतो. पण एखाद्या वस्तूला कुशीत पुढे आलेला भाग असला तर कितीही उतार दिला तरी नमुना सुखासुखी वर येणार नाही. अशा वेळी तो भाग सुटा करतात आणि मूळ नमुन्याला पारव्याच्या शेपटीनेच अडकवतात. नमुना सरळ वर उचलला की शेपटीवरून सरकून तो मोकळा होतो. सुटा तुकडा वाळूतच राहतो, आणि मग तो पोकळीच्या बाजूने हलकेच काढून घेता येतो. जी शेपटी ओढणाऱ्याला दाद देत नाही, ती सरकविणाऱ्याला मात्र वाट देते. तात्यांनी हे काम तीस-पस्तीस वर्षे केले.

त्यांचा नातू आता सांगलीस प्लायवूडची कपाटे करतो. तेथे शेपटीचा प्रश्नच येत नाही, कारण प्लायवूडचा कारभार स्क्रूंवर चालतो. परंतु गेल्या वर्षी एका वैद्यांनी त्याला औषधी ठेवण्याचे कपाट करावयास सांगितले. चाळीस खण, सगळे सागवानी, आणि कोठेही खिळा नको. चाळीस खणांचे एकशे साठ कोपरे होतात. हाताने एक कोपरा नीट कापावयाचा तर तासाभराची बैठक हवी, आणि वैद्यांना कपाट दिवाळीपूर्वी हवे होते. मुलाने विसार घेतला, थोडे कर्ज काढले आणि राऊटर नावाचे हातयंत्र व त्याच्यासाठी एक जिग विकत घेतले. राऊटर म्हणजे मिनिटाला वीस-तीस हजार फेरे घेणारी मोटर, जिच्या टोकाला कापणारे बिट बसविलेले असते. जिग म्हणजे लाकडी फळ्या घट्ट धरणारी एक चौकट, तिच्यावर धातूची बोटे असतात. त्या बोटांच्या कडेने राऊटर फिरविला की सांध्याच्या खाचा आपोआप पडत जातात. जिग परदेशी, त्याच्याबरोबरची पुस्तिका इंग्रजी, आणि बिट निराळे घ्यावयाचे. एका रविवारी सकाळी तो पुस्तिका घेऊन मजकडे आला.

“सर, हे जरा वाचून सांगा. बिट कुठलं घ्यायचं एवढंच पाहिजे. बाकी मी बघतो.”

इंग्रजी वाङ्मय शिकविण्यात माझी तीस वर्षे गेली. ब्राउनिंगच्या कवितेचा अर्थ लावताना विद्यार्थ्यांना धीर देणे हा माझा नित्याचा उद्योग. पण त्या बारा पानी पुस्तिकेइतका आटोपशीर आणि अध्याहृतांनी भरलेला मजकूर माझ्या वाचनात क्वचितच आला असेल. तरी तिच्यातील मुख्य आज्ञा स्पष्ट होती. बिट चौदा अंशांचे, अर्धा इंच रुंदीचे.

मुलगा समाधानाने उठणार, इतक्यात त्याच्यामागून काठी टेकीत आलेले तात्या उंबऱ्यावरूनच म्हणाले, “चौदा म्हंजी किती सूत?”

सुताराच्या हिशेबात एका इंचाचे आठ सूत. मी कागदावर आकडा मांडून पाहिला. चौदा अंश म्हणजे चार सुतांत एक सूत कलणे.

“चार सुतांत एक?” तात्यांचा आवाज चढला. “सागाला आठात एक पुरं हुतंय. नरम लाकूड असंल तर सहात एक. चारात एक केलं तर शेपटीची कोपरं उडून जातील. पुस्तकाला काय इचारता, लाकडाला इचारा की!”

वाचकहो, हा केवळ वृद्धांचा हट्ट नव्हता. आठास एक आणि सहास एक ही प्रमाणे इंग्रजी सुतारकामाच्या ग्रंथांतूनही दिलेली असतात. अंशांत सांगावयाचे तर ती सुमारे सात आणि साडेनऊ होतात. त्यांमागचे कारणही तात्यांनी सांगितले तेच आहे. कल फार थोडा ठेवला तर शेपटी ओढाला टिकाव धरीत नाही. फार ठेवला तर तिच्या टोकदार कोपऱ्यांत लाकडाचे तंतू आखूड राहतात आणि ते कोपरे ठिसूळ होतात. नरम लाकूड दाबले जाते म्हणून त्याला कल थोडा अधिक द्यावा लागतो, कठीण लाकडाला कमी पुरतो. बाजारात बिटेही सात, आठ, नऊ, दहा आणि चौदा अशा निरनिराळ्या अंशांची मिळतात. तेव्हा मुलापुढे खरोखरीचा पेच होता. आजोबांचे ऐकावे तर सात अंशांचे बिट, पुस्तिकेचे ऐकावे तर चौदांचे. एका चांगल्या बिटाला त्याची दोन दिवसांची मजुरी पडणार, आणि चुकीच्या बिटाने महागाचे सागवान बिघडले तर त्याची भरपाई कोणी करावयाची?

या वादात माझा कल मनातून तात्यांकडे होता, हे सांगावयास हरकत नाही. हाताचे ज्ञान एका बाजूला आणि छापील आज्ञा दुसऱ्या बाजूला, असा सामना उभा राहिला की आम्हा पुस्तकी माणसांना हाताची बाजू फार गोड वाटते. पण निकाल लागला तो निराळ्याच रीतीने, आणि तो तात्यांनीच लावला. त्यांनी नातवाला ते जिग आणावयास लावले. ओट्यावर बसून त्यांनी त्याच्या बोटांवरून आपला अंगठा फिरविला, दोन बोटांमधील अंतर पट्टीने मोजले, खिशातील पेन्सिलीने फरशीवर काही रेघा ओढल्या आणि शांतपणे म्हणाले, “ह्यो तर पॅटर्न हाय. ह्यातला उतार आधीच ठरलाय. आता आपुन ठरवायचं काय ऱ्हायलंय?”

त्यांनी फरशीवर काय काढले ते मी मागाहून समजावून घेतले, आणि ते इतके सरळ आहे की येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. बिट फिरते तेथे खाच पडते, आणि दोन खाचांच्या मध्ये जे लाकूड उरते तीच शेपटी. अर्थात एक खाच आणि एक शेपटी यांची रुंदी मिळून जिगच्या दोन बोटांच्या मध्यांतील अंतर भरले पाहिजे. बिट खाली रुंद आणि वर मानेकडे अरुंद असते. म्हणून खाचही तळाशी रुंद आणि तोंडाशी अरुंद होते. शेपटीचे मात्र याच्या उलट. ते शेपटीचे रुंद टोक दुसऱ्या फळीतील खाचेच्या रुंद तळाशी जाऊन बसावयाचे. दोन्ही फळ्या एकच बिट कापते. तेव्हा नियम असा निघतो की, बिटाची तळाची रुंदी आणि फळीच्या पृष्ठभागाशी येणारी त्याची रुंदी, या दोहोंची बेरीज बोटांमधील अंतराएवढी यावी. ती आली तरच सांधा बसेल.

या जिगमध्ये ते अंतर होते १३/१६ इंच, म्हणजे सुमारे २०.६ मिलिमीटर. अर्धा इंची बिटाचा तळ १२.७ मिलिमीटर. उरले ७.९. चौदा अंशांचे बिट साडेनऊ मिलिमीटरांहून किंचित खोल घातले की पृष्ठभागाशी त्याची रुंदी बरोबर तेवढी राहते. आता याच जिगला सात अंशांचे बिट लावून पाहा. तेवढेच निमुळते होण्यासाठी त्याला दुप्पट खोल, म्हणजे सुमारे साडेएकोणीस मिलिमीटर जावे लागेल. आणि खणाची समोरची फळी तर अवघी पाऊण इंच, एकोणीस मिलिमीटर जाडीची! बिट आरपार निघून खणाच्या दर्शनी बाजूला भोके पडली असती. सात अंशांचे बिट वाईट नव्हे. पण ते या जिगचे नव्हे.

मग तात्यांचा आठास एक हा नियम खोटा ठरला काय? मला सर्वांत अधिक आनंद झाला तो या प्रश्नाच्या उत्तराने. तात्या हाताने जो आरपार सांधा कापतात त्यात शेपटीची लांबी फळीच्या जाडीइतकी, म्हणजे एकोणीस मिलिमीटर असते. आठास एक या प्रमाणाने ती प्रत्येक बाजूला सुमारे २.४ मिलिमीटर कलते. जिगची शेपटी याच्या निम्म्या लांबीची, पण तिचा कल दुप्पट. ती किती कलते? तेच २.४ मिलिमीटर. म्हणजे लाकडाला धरून ठेवणारी अढी दोन्हींकडे तितकीच आहे. पुस्तिका लिहिणारा परदेशी इसम आणि कुंडलचे तात्या यांची कधी गाठ पडण्याचा संभव नव्हता. पण दोघांनी प्रश्न विचारला तो एकाच लाकडाला. कोपरे ठिसूळ राहण्याची तात्यांची भीतीही सर्वस्वी खोटी नव्हती. म्हणूनच कापताना फळीच्या मागे एक टाकाऊ फळी धरावी आणि आधी कडेवरून एक हलका हात फिरवून मग पुरते कापावे, असे जाणते सांगतात.

अंशांचा प्रश्न सुटला तरी बिटाची निवड संपत नाही. पहिली गोष्ट दांड्याची. आपल्याकडील सुतारांजवळ बहुधा लहान ट्रिमर असतो, आणि त्याच्या पकडीत पाव इंची किंवा सहा मिलिमीटरचा दांडा बसतो. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर. हा साडेतीनदशांशाचा फरक नजरेला दिसतही नाही. पण सहाचा दांडा पाव इंची पकडीत घातला तर तो नीट आवळला जात नाही, आणि एवढ्या वेगाने फिरणारे पोलाद पकडीतून निसटणे ही थट्टेची गोष्ट नव्हे. दुसरी गोष्ट धारेची. सागाच्या अंगात वाळूच्या जातीचा सिलिका हा पदार्थ असतो आणि तो साध्या पोलादाची धार झपाट्याने खातो. तेव्हा सागासाठी टंगस्टन कार्बाइडची धार असलेलेच बिट घ्यावे. तिसरी गोष्ट, राऊटरच्या तळाला बसणारे ते पितळी कडे, जे जिगच्या बोटांना घासत जाते. ते पुस्तिकेने सांगितलेल्याच मापाचे हवे, आणि त्याच्या आत बिटाची मान मोकळी फिरली पाहिजे. येथेही निवड आपली नसते. जिग करणाऱ्याने ती आधीच करून ठेवलेली असते.

मुलाने चौदा अंशांचे बिट आणले. टाकाऊ सागाच्या तुकड्यांवर पहिला नमुना कापला तो सैल आला. अशा वेळी हात आपोआप बिट वर घेण्याकडे जातो. पण वर दिलेला नियम ध्यानात असला तर कळते की ते खाली, अधिक खोल घातले पाहिजे. खोल गेल्याने खाचेचे तोंड अरुंद होते, शेपटी रुंद राहते आणि सांधा घट्ट बसतो. अर्ध्या मिलिमीटरने दुसरा नमुना हातोडीखेरीज बसेना. तिसरा तळहाताच्या दाबाने बसला. या बिटाची आणखी दोन व्रते आहेत. साधी खाच थोडी थोडी खोल करीत नेता येते, ही नाही. बिट तळाशी रुंद असल्यामुळे ते पहिल्याच फेरीत पुऱ्या खोलीने गेले पाहिजे. आणि काम अर्ध्यावर असता राऊटर वर उचलावयाचा नाही. उचलला तर ते रुंद तोंड खाचही फाडते आणि जिगची बोटेही. ज्या वाटेने आत गेले त्याच वाटेने सरळ बाहेर यावे लागते. नमुन्याच्या शेपटीचा स्वभाव तात्यांना ठाऊक होता, तोच येथे यंत्राच्या पात्यात उतरला आहे.

या सर्वांत काही गमावले नाही असे मात्र मी म्हणणार नाही. खणाची उंची वैद्यांनी शंभर मिलिमीटर सांगितली होती. बोटांमधील अंतराची पाचपट एकशे तीन येते, आणि वरखाली सारखा अर्धा दात राहावा म्हणून उंची एकशे तीनच धरावी लागली. चाळीस खणांचे कपाट त्या बोटांच्या मापाने थोडे वाढले. तात्यांच्या हातच्या खणांत शेपट्या रुंद आणि त्यांमधील दात अगदी बारीक, एखाद्याच्या सहीसारखे असत. त्यांवरून खण कोणाचा हे सांगता येई. जिगचे दात आणि शेपट्या सारख्याच जाडीच्या, रांगेत उभ्या केलेल्या मुलांसारख्या दिसतात. कपाट दिवाळीच्या आधी वैद्यांच्या घरी पोचले आणि कर्जाचा पहिला हप्ता वेळेवर गेला; ही गोष्ट त्या बारीक दातांच्या मोबदल्यात मिळाली. हा सौदा महाग पडला असे तात्या म्हणाले नाहीत. त्यांच्या वडिलांनी लोखंडी नांगर येताना पाहिला होता, आणि त्यांनी स्वतः त्याच लोखंडासाठी लाकूड कापून संसार केला होता.

मला राहून राहून आठवतो तो त्यांचा ओट्यावरचा प्रश्न. आता आपण ठरवावयाचे काय राहिले आहे? यंत्राने माणसाचा निर्णय हिरावून घेतला, असे आपण सहज बोलून जातो. निर्णय कोठे नाहीसा होत नाही. तो मागे सरकतो. तात्या प्रत्येक कोपऱ्याशी लाकूड पाहून जे ठरवीत, ते जिग करणाऱ्याने एकदाच, फार दूर बसून, आपल्या सर्वांच्या वतीने ठरविले आहे. बिट निवडणाऱ्याचे पहिले काम म्हणून आवडनिवड सांगण्याचे नसून, आधी काय ठरून गेले आहे ते वाचून काढण्याचे असते. ते वाचल्यानंतर जे आपल्या हातात उरते ते थोडेच असते: खोलीचा अर्धा मिलिमीटर, धारेची निगा, टाकाऊ तुकड्यावर आधी करून पाहण्याचा धीर. पण सांधा बसतो की नाही हे त्या थोड्यावरच ठरते.

दर जून महिन्यात मुले आणि त्यांचे पालक मजकडे येतात आणि विचारतात, “सर, विषय कोणता घेऊ?” पूर्वी मी त्यांच्यापुढे विषयांची यादी ठेवीत असे आणि एकेकाचे गुण वर्णन करीत असे. आता आधी मी त्यांच्या घरची, त्यांच्या सवयींची आणि त्यांच्या गावची चौकशी करतो. त्यांच्या आयुष्याची कोणती बोटे आधीच घट्ट बसविलेली आहेत, त्यांतील कोणती हलविता येण्याजोगी आहेत, आणि कोणती खरोखर हलविलीच पाहिजेत, ते आधी पाहू या असे सांगतो. काहींना हे बोलणे लांबणीचे वाटते. त्यांना नुसते बिटाचे नाव हवे असते.